यादीत नसलेलं कारण

चष्मेवाल्याला दोघांनी का मारलं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मारणाऱ्यांना ठाऊक होतं, मार खाणाऱ्याला ठाऊक होतं, आणि वरून सगळं नीट बघून मग खिडकी लावून घेणाऱ्या शिवणक्लासच्या बाईंना तर शब्दन् शब्द ठाऊक होता. ठाऊक नव्हतं ते फक्त कायद्याला. आणि कायद्याला जे ठाऊक नसतं ते झालेलंच नसतं, हे शहाण्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

प्रसंग अगदी घरगुती होता. चष्मेवाला आणि त्याचा भाडेकरू संध्याकाळी पडद्याची दांडी विकत घेऊन घरी येत होते. दांडी लांब, तेव्हा एक टोक याच्या खांद्यावर आणि दुसरं त्याच्या. पडदा हिरवा की राखाडी, यावर दुकानात दोघांचं वाजलं होतं, त्यामुळे पुढचा मागच्याशी बोलत नव्हता. दांडीमुळे अंतर मात्र राखावं लागत होतं तेवढंच.

इथं भाडेकरूची ओळख करून द्यायला हवी. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तो चष्मेवाल्याबरोबर राही. धंदा नळदुरुस्तीचा. आईशी त्याची पहिल्यांदा गाठ घालून देताना चष्मेवाल्याच्या तोंडून घाईघाईत 'हा आपला भाडेकरू' असं निघून गेलं, आणि तेव्हापासून तो साऱ्या खानदानाचा भाडेकरू झाला. आई फोनवर विचारायची, "भाडेकरूचा खोकला कसा आहे?" ताई दर थंडीत भाडेकरूसाठी स्वेटर विणायची. इतका जीव लावलेला भाडेकरू जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. अकरा वर्षांत भाड्याचा विषय तेवढा कुणी काढला नव्हता.

तर दांडी घेऊन दोघं दुकानापाशी आले. समोर व्यायामशाळा होती आणि तिच्या पायरीवर पैलवान बसला होता. पैलवान आयुष्यात एकदाही कुस्ती खेळलेला नव्हता. पण व्यायामशाळा त्याची होती आणि दंड लांबून दिसतील असे होते, एवढ्यावर लोक पदवी देऊन टाकतात. शेजारी त्याचा मावसभाऊ होता. पैलवान बोलला की हसायचं, हे त्याचं काम.

"काय, संसार मांडला वाटतं?" पैलवान म्हणाला. "पण पडदे कशाला? आम्हालाही बघू द्या की!"

मावसभाऊ हसला.

चष्मेवाला गप्प राहिला असता. त्याला तशी सवय होती. शिवाय त्याला डाव्या कानानं यंत्राशिवाय ऐकू येत नसे, आणि ऐकू न आल्याचा आव आणण्याची ती एक चांगली सोय होती. पण भाडेकरूचे दोन्ही कान शाबूत होते आणि डोकं पडद्याच्या रंगामुळे आधीच तापलेलं होतं.

"चष्मा पुसून बघ," तो म्हणाला. "नुसत्या डोळ्यांनी तुला बस दिसत नाही, आम्ही काय दिसणार?"

पैलवानाच्या चष्म्याबद्दल बोलायचं नाही, असा गल्लीत अलिखित नियम होता. वर्षभरापूर्वी तो डोळे तपासायला आला तेव्हा भिंतीवरच्या तक्त्याच्या सगळ्या ओळी पाठ करून आला होता. मावसभावानं त्याच्याकडून त्या घोकून घेतल्या होत्या. पैलवानानं शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. चष्मेवाल्यानं शांतपणे तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. पैलवानानं तीच ओळ पुन्हा तितक्याच घडाघडा म्हटली. तेव्हा चष्मेवाला त्याला म्हणाला होता ते तो सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणायचा: "पाठ केलेलं नको. दिसतंय ते सांगा. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, त्यात लाज कसली?"

पैलवानाला लाज वाटली होती, आणि ती त्यानं जपून ठेवली होती. आता तो पायरीवरून उठला. आधी त्यानं चष्मा काढून घडी घालून डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली. चष्म्याची काळजी कशी घ्यायची हे चष्मेवाल्यानंच त्याला शिकवलं होतं. मग त्यानं दांडी हिसकली.

पुढचं काही फार वेळ चाललं नाही. चष्मेवाल्याच्या दोन बरगड्यांना तडे गेले, भाडेकरूचा खांदा निखळला, आणि कानातलं यंत्र रस्त्यावर पडून कुणाच्या तरी बुटाखाली गेलं. मारताना पैलवान कारणही सांगत होता, आणि आवाज व्यायामशाळेतला होता. दोन पुरुषांनी एका घरात राहायचं म्हणजे काय, असली घाण आपल्या गल्लीत चालायची नाही, वर्षभरात दुकानाला टाळं लावून दाखवीन. असं सगळं. स्वतःच्या कृत्याचं इतकं स्वच्छ स्पष्टीकरण सहसा मंत्रीसुद्धा देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात साहेबांनी आपुलकीनं चौकशी केली. साहेब चांगले होते. नुकताच द्वेषाच्या गुन्ह्यांचा नवा कायदा आला होता आणि साहेबांना तो एकदा तरी लावून बघायचा होता.

"साधी मारहाण लावली तर दंड भरून संध्याकाळी घरी," साहेब म्हणाले. "द्वेषाचं कलम लागलं तर तुरुंग, आणि सुटल्यावरही तुमच्या गल्लीत पाऊल टाकायला बंदी. आता सांगा, का मारलं?"

"आम्ही दोघं एकत्र राहतो म्हणून."

साहेबांनी लिहायचं थांबवलं. "ते नाही बसत. कायद्यात पाच कारणं आहेत. त्यातलं एक सांगा. धर्म?"

"त्यांचा तोच आमचा."

"वंश?"

"पैलवानाची आजी माझ्या आईची चुलत मावशी."

"भाषा? वेगळी बोलता का काही?"

"मारताना तो काय म्हणाला ते मला सगळं कळलं, साहेब."

"जन्मस्थान?"

"एकाच दवाखान्यात जन्मलो आम्ही."

"अरेरे," साहेब मनापासून हळहळले. मान खाली घालून कागदाशी पुटपुटले, "मग राहिलं अपंगत्व."

"काय?" चष्मेवाल्यानं उजवा कान पुढे करून विचारलं.

साहेबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला. "ऐकू येत नाही तुम्हाला?"

"डावीकडून नाही. यंत्र होतं. ते फुटलं ना कालच्या..."

"फुटलं!" साहेब जवळजवळ उभेच राहिले. "म्हणजे फोडलं! अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

अशा रीतीनं चष्मेवाल्याला तो बहिरा असल्यामुळे मारण्यात आलं.

रविवारी तो ताईकडे आईला भेटायला गेला. आई हल्ली ताईकडेच राहायची. भावोजी दिवाणखान्यात पाय वर घेऊन बसले होते. भावोजी विधिमंडळात मसुदा समितीचे सचिव. राज्यात कुठलाही कायदा त्यांच्या टेबलावर स्वल्पविराम घातल्याशिवाय पुढे जात नसे.

"या शालकबुवा," ते म्हणाले. "बरगड्या कशा आहेत?"

"हसलं की दुखतात."

"मग हसू नका. गंभीर राहावं माणसानं. प्रकृतीला बरं."

"भावोजी, तुमच्या त्या कायद्यात सहावं कारण का नाही?"

भावोजींनी आत स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला. "होतं. पहिल्या मसुद्यात मीच टंकून घेतलं होतं, 'लैंगिक कल' म्हणून. समितीत चांगली चार बैठका चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, मार तो मार. हाड मोडलं की मोडलं, मोडणाऱ्याच्या मनात काय होतं याची झडती कशाला? द्वेषानंच मारतो माणूस, प्रेमानं कोण दांडका घालतो?"

"मग बाकीची पाच कारणं तरी कशाला ठेवलीत?"

"ती आधीच मंजूर झाली होती ना. दुसरे सभासद म्हणाले, सगळे नागरिक समान असताना एकाच गटाला वेगळं छत्र कशाला?"

"बाकीच्या पाचांना दिलंत की."

"तेच सांगतोय. पाच छत्र्या दिल्यावर सहावी देणं म्हणजे पक्षपात नाही का?" भावोजींनी हे इतक्या सहजपणे म्हटलं की ते स्वतःशी सहमत आहेत की नाहीत ते कळेना. सरकारी नोकरीत हे फार वर्षांनी साधतं. "आणि खरी अडचण आकड्याची. आम्ही पोलिसांकडून माहिती मागवली, या कारणावरून वर्षाला किती हल्ले होतात? उत्तर आलं, शून्य."

"शून्य?"

"शून्य. कारण कायद्यात हे कारणच नाही, मग पोलीस नोंद कशाखाली करणार? तुमचीच बघा. कशात गेली?"

"कानात."

"झालं तर. आता शून्य हल्ल्यांसाठी कायदा करा म्हणून मी समितीला कुठल्या तोंडानं सांगू?"

आतून आई आली. चहाचा कप हातात देऊन म्हणाली, "भाडेकरूचा खांदा कसा आहे रे? तेलानं शेकायला सांग त्याला." भावोजींनी लगेच वर्तमानपत्र उघडलं. विषय शेकण्यावर गेला.

खटल्याची तारीख लागली तशी सरकारी वकीलबाईंनी चष्मेवाल्याला बोलावून घेतलं. बाई हुशार होत्या, झटपट होत्या आणि त्यांना खरोखरच पैलवानाला आत घालायचं होतं.

"एकच वाक्य म्हणायचं आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या. "'माझ्या कानातलं यंत्र बघून ते चिडले आणि त्यांनी मला मारलं.' बास."

"पण मॅडम, त्यांनी यंत्राकडे बघितलंही नाही."

"कानातच होतं ना? तोंडावर मारलं ना? मग कान काय तोंडापासून लांब असतो? दिसलंच असणार." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, खरं कारण मलाही माहीत आहे. पण खऱ्या कारणाला कायद्यात जागा नाही. तुम्हाला दुसऱ्या जागेतून आत नेतेय मी. आत गेल्याशी मतलब. पाठ करा वाक्य."

चष्मेवाल्यानं वाक्य पाठ केलं. घरी येऊन भाडेकरूसमोर म्हणूनही दाखवलं. भाडेकरू खिडकीजवळ, पण खिडकीपासून दोन हात आत उभा होता. मारहाण झाल्यापासून तो तसाच उभा राहायचा. पडदा अजून लागला नव्हता, कारण दांडी पोलिसांकडे मुद्देमाल म्हणून जमा होती. समोर व्यायामशाळेत दिवे होते. जामिनावर सुटलेला पैलवान आरशासमोर वजनं उचलत होता.

"छान म्हणतोस," भाडेकरू म्हणाला. "फक्त 'चिडले' म्हणताना डोळे मिटू नकोस."

"मला नाही जमायचं रे."

"का?"

"खोटं आहे म्हणून."

भाडेकरू वळला. खांद्यावरची पट्टी सावरत खुर्चीवर बसला. "मी काय म्हणतो ऐक. ते सुटले तर मी इथं राहणार नाही. नळ दुरुस्त करायला जाताना गल्लीच्या तोंडाशी कोण उभं आहे ते बघून बाहेर पडायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. तुझं दुकान आहे, तुला सोडता येणार नाही, मला कळतं. म्हणजे मी एकटाच जाईन."

"असं नको बोलू."

"मग वाक्य बोल. आणि खोट्याचं म्हणशील, तर अकरा वर्षं मी भाडेकरू आहे. तुझ्या आईसमोर, ताईसमोर, दुधवाल्यासमोर. तेव्हा नाही जीभ अडखळली तुझी?"

चष्मेवाल्यानं कानाला हात लावला, पण यंत्र नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं आणि सगळं लख्ख ऐकू आलं होतं.

कोर्टात पैलवान आणि मावसभाऊ इस्त्रीचे शर्ट घालून आले होते. त्यांचा वकील बारीक आवाजाचा, लांब बोटांचा गृहस्थ होता, आणि त्यानं कायदा नीट वाचला होता, जे या खटल्यात आतापर्यंत फार कुणी केलं नव्हतं.

त्यानं पहिल्यांदा साक्षीला बोलावलं ते मूकबधिर शाळेच्या हेडमास्तरांना. पैलवानानं शाळेला दोन जुन्या डंबेल्सच्या जोड्या भेट दिल्याचं त्यांनी सांगितलं. मग पैलवानाची आजी आली. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. नातू रोज सकाळी तिच्या कानाशी ओरडून तिची विचारपूस करतो, असं तिनं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की बाहेरचे दोन पट्टेवाले आत डोकावले.

"साहेब," वकील न्यायाधीशांना म्हणाला, "बहिऱ्या माणसांविषयी माझ्या अशिलांच्या मनात अपार माया आहे. त्यांनी या गृहस्थांना कानामुळे मारलं, हा आरोप त्यांच्या जिव्हारी लागला आहे."

न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग कशामुळे मारलं?"

"तेच ते स्वतः सांगतील."

पैलवान पिंजऱ्यात उभा राहिला. छातीवर हात ठेवला. "हे दोघं नवरा-बायकोसारखे राहतात म्हणून, साहेब. दुसरं काही नाही. शपथेवर सांगतो."

सरकारी वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब. मनापासून तिटकारा आहे मला त्याचा. लहानपणापासून. मावसभावालाही विचारा."

"मलाही," मावसभाऊ घाईनं म्हणाला. या वेळी हसायचं नसतं हे त्याला सांगून ठेवलं होतं.

वकिलानं मग शिवणक्लासच्या बाईंना उभं केलं. आपल्याला काहीच दिसलं नाही असं त्या पोलिसांना म्हणाल्या होत्या. पण आरोपींची सुटका होणार म्हटल्यावर त्यांना सगळं आठवलं. पैलवान काय काय म्हणाला ते त्यांनी एकेका शब्दानिशी सांगितलं. त्यात कानाचा उल्लेख नव्हता. शेवटी भाडेकरूची उलटतपासणी झाली.

"तुम्हाला दोन्ही कानांनी ऐकू येतं?" वकिलानं मुद्दाम कुजबुजून विचारलं.

"येतं."

"तरीही तुम्हाला मारलं?"

"मारलं."

"मग कानाचा संबंध काय?"

भाडेकरूनं चष्मेवाल्याकडे पाहिलं. "ते त्याला विचारा," तो म्हणाला. आणि खाली येऊन आईच्या शेजारी बसला. आई ताईबरोबर आली होती आणि अजून तरी तो तिचा भाडेकरूच होता.

चष्मेवाला साक्षीच्या पिंजऱ्यात चढला. वकीलबाई पुढे आल्या. त्यांनी हळूच मान हलवली. सगळं अजून हातचं गेलेलं नव्हतं. आरोपी काय, सुटायला काहीही बोलतील. मार खाणाऱ्याचा शब्द वेगळा.

"त्या संध्याकाळी तुमच्या कानात यंत्र होतं?"

"होतं."

"आरोपींनी तुम्हाला कशामुळे मारलं?"

वाक्य जिभेच्या टोकावर होतं. चष्मेवाल्यानं तोंड उघडलं आणि समोर बघितलं. पिंजऱ्यात पैलवान उभा होता. चष्मा नव्हता, वकिलानं तो काढून ठेवायला लावला असावा, चेहरा भोळा दिसावा म्हणून. त्यामुळे तो डोळे बारीक करून, मान किंचित पुढे काढून चष्मेवाल्याकडे बघत होता. तक्त्यासमोर बसला होता तेव्हा बघत होता तसाच. आणि चष्मेवाल्याच्या लक्षात आलं की आज घोकून आलेला तो नाही. घोकून आलोय तो मी.

"पाठ केलेलं सांगू," त्यानं विचारलं, "की दिसलं ते?"

"म्हणजे?" न्यायाधीश म्हणाले.

"त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं नाही, साहेब. यंत्र चुकून पायाखाली आलं. ते म्हणतात ते खरं आहे." त्यानं बोट केलं. "तिथं आईशेजारी बसलाय ना, तो माझा भाडेकरू नाही. मी त्याच्याबरोबर राहतो. अकरा वर्षं. म्हणून मारलं."

वकीलबाई शांतपणे जागेवर जाऊन बसल्या. बचावाच्या वकिलानं उलटतपासणी घेतली नाही. एवढा सोयीचा साक्षीदार त्याला आयुष्यात भेटला नव्हता; तो उठून अर्धवट वाकलाच.

निकाल त्याच आठवड्यात लागला. न्यायाधीश सचोटीचे होते, तेव्हा त्यांनी काहीही लपवलं नाही. त्यांनी लिहिलं, आरोपींनी फिर्यादी व त्यांच्या जोडीदाराला केवळ त्यांच्या परस्पर नात्याविषयीच्या तीव्र द्वेषातून मारले, हे दोन्ही बाजूंच्या साक्षींवरून निर्विवाद सिद्ध झाले आहे. सबब, द्वेषाच्या गुन्ह्यातून आरोपींची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. साध्या मारहाणीसाठी दंड. मुद्देमाल मालकास परत.

पैलवानानं दंड भरला आणि दुपारच्या वजनांना वेळेवर पोचला.

कोर्टाच्या जिन्यावर आई चष्मेवाल्याला म्हणाली, "अरे, एवढ्या लोकांत ओरडून कशाला सांगायचं ते?"

"आई, मी तुला आधीच..."

"मला काय सांगणार तू? भाडं न देणारा भाडेकरू, आणि त्याला ताप आला की तू रडकुंडीला. खुळी समजलास का मला?" मग ती मागे वळून म्हणाली, "आणि तू रे, तेलानं शेकलंस का? हात वर होतोय का बघू."

भाडेकरूनं हात वर करून दाखवला. तो खांद्यापर्यंतच गेला. जिन्याखाली पट्टेवाल्यानं दांडी आणून दिली. तिला मुद्देमालाची चिठ्ठी लटकत होती आणि मधोमध ती वाकली होती. दोघांनी ती उचलली. एक टोक याच्या खांद्यावर, दुसरं त्याच्या; भाडेकरूनं चांगला खांदा दिला. गल्लीच्या तोंडाशी भाडेकरू थबकला. समोर व्यायामशाळेचं दार उघडं होतं. मागच्या टोकाला चष्मेवाला वाट बघत उभा राहिला. एकाला पुढे गेल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नव्हतं. मग दांडी हलली.

वर गेल्यावर भाडेकरू स्टुलावर चढला आणि एका हातानं दांडी लावायला लागला.

"राहू दे ना. तू जाणार आहेस ना?" चष्मेवाला म्हणाला.

"पडदा लावून जाईन. खिळा दे."

पडदा हिरवाच लागला. दांडी वाकडी, त्यामुळे दोन्ही पाखं मधे मिळेनात. वीतभर फट राहायची आणि तिच्यातून समोरची व्यायामशाळा नीट दिसायची. म्हणजे तिकडूनही हे दिसत असणार. चष्मेवाल्यानं पाखं ओढून बघितली.

"राहू दे फट," भाडेकरू स्टुलावरून उतरत म्हणाला. "बघू देत. बघायचंच होतं ना त्यांना." आणि पाणी तापत ठेवायला आत गेला. जाण्याचं पुन्हा काही बोलला नाही.

रविवारी भावोजींनी त्याला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात निकालाची प्रत होती. "अहो शालकबुवा, गंमत झाली. तुम्ही आमचा आकडा बिघडवलात. न्यायालयानंच सिद्ध झालं म्हटलंय, म्हणजे शून्य राहिलं नाही. एक झाला."

"मग आता करा सहावं कारण."

"मांडलं मी समितीपुढे. सभासद म्हणतात, शून्यासाठी कायदा करता येत नाही आणि एकासाठी करायची गरज नसते. एक म्हणजे अपवाद."

"मग कितीसाठी करतात?"

"ते ठरवायला उपसमिती नेमली आहे." भावोजींनी प्रत घडी घालून पुन्हा स्वतःच्याच खिशात ठेवली. "मीच सचिव आहे तिचा," ते म्हणाले. "दर बैठकीला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे हे पान. कंटाळून तरी मंजूर करतील."

आणि मग एके दिवशी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना, पैलवान आत आला. हातात चष्म्याचे दोन तुकडे होते. मावसभाऊ त्यावर बसला होता.

"करून दे," पैलवान म्हणाला. नजर काउंटरच्या जरा डावीकडे होती. तिथं चष्म्यांचा स्टँड होता, आणि पैलवान त्याच्याशीच बोलत होता.

"मी इथं आहे," चष्मेवाला म्हणाला. "नाही करणार."

"म्हणजे?"

"तुला चष्मा देणार नाही. दुसरं दुकान बघ."

"दुसरं दुकान स्टेशनपलीकडे आहे! मला रस्ता दिसत नाही, मी जाऊ कसा?" पैलवान चवताळला. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो सावरून उभा राहिला. "तुला नाही म्हणताच येत नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक नाकारता येत नाही. कायदा आहे. माझ्या वकिलानं समजावलंय मला सगळं."

"बरोबर आहे. कुठल्या कारणानं नाकारता येत नाही?"

"धर्म," पैलवान बोटांवर मोजत घडाघडा म्हणू लागला, "वंश, भाषा, जन्मस्थान, अपंगत्व."

"छान पाठ आहे." चष्मेवाल्यानं चष्म्याचे तुकडे कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले. "मी तुला नाकारतोय, कारण तू मला दांडीनं मारलंस. हे तुझ्या पाचात कुठं बसतं?"

पैलवान विचार करत उभा राहिला. विचार करताना त्याचे ओठ हलत होते. तो पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. जिन्यावरून भाडेकरू हत्यारांची पिशवी घेऊन उतरला, पैलवानाला बघून थांबला, आणि मग त्याच्या बाजूनं, धक्का लागणार नाही असा, रस्त्यावर निघून गेला. गल्लीच्या तोंडाकडे त्यानं बघितलं नाही. कोण उभं नाही ते त्याला माहीत होतं.

"हे बरोबर नाही," पैलवान शेवटी म्हणाला.

"नाहीच आहे," चष्मेवाला म्हणाला.

पैलवान वळला आणि हात पुढे करून दाराकडे चाचपडत निघाला.

"पायरी आहे," चष्मेवाला म्हणाला. हे तो सगळ्यांनाच म्हणायचा.